‘कॉपी न करता’ म्हणजे नेमकं काय? डेल्टा शेअरिंगचं एक वाचन

डेटाब्रिक्सने २०२१ मध्ये डेल्टा शेअरिंग हा खुला प्रोटोकॉल आणला. सॅपच्या बिझनेस डेटा क्लाउडमधला डेटा विश्लेषणासाठी डेटाब्रिक्सकडे जातो तोही याच वाटेने. जाहिरात म्हणते: सुरक्षित, आणि कॉपी न करता. हे वाक्य लिटरेचर रिव्ह्यूमध्ये उतरवण्याआधी मूळ स्पेसिफिकेशन उघडा. एका दुपारी वाचून होतं.

डेटा घेणारा टोकन दाखवतो. सर्व्हर परवानगी तपासतो आणि स्टोरेजमधल्या पार्केट फाइल्सच्या, थोडाच वेळ चालणाऱ्या लिंक देतो. रचना खरंच देखणी आहे: सर्व्हरवर भार नाही, पांडाज असो की स्पार्क, कशानेही वाचा.

पण लिंक असते ती अख्ख्या फाइलची. समजा, पगाराच्या फाइलमधल्या निम्म्या ओळी दाखवायच्या नाहीत. विनंतीबरोबर अट पाठवता येते खरी, पण तिला नावच ‘हिंट’ आहे! सर्व्हरने ती पाळलीच पाहिजे असं नाही. नको त्या ओळी गाळायच्या त्या घेणाऱ्याच्याच क्लायंटने. खरोखर लपवायच्या तर गाळलेली वेगळी फाइल बनवा. म्हणजे झालीच की कॉपी.

टोकनची गोष्टही फार वेगळी नाही. साध्या पद्धतीत ते एका प्रोफाइल फाइलमध्ये असतं, आणि ती फाइल ज्याच्या हाती, त्याला प्रवेश. आयपीची बंधनं वगैरे वरून लावावी लागतात. लिंकची मुदत संपते, टोकन रद्द करता येतं. घेणाऱ्याने आधीच उतरवून घेतलेली फाइल मात्र त्याच्याकडेच राहते, आणि तिच्याबद्दल प्रोटोकॉल काहीच बोलत नाही.