बीचन क्लिफवरचं 'नाइस'

जेन ऑस्टिनच्या 'नॉर्थँगर ॲबी'च्या चौदाव्या प्रकरणात तिघं जण बाथ शहरालगतच्या बीचन क्लिफ टेकडीवर फिरायला निघतात. सतरा वर्षांची कॅथरीन, तिच्या मनात भरलेला हेन्री टिल्नी आणि त्याची बहीण एलिनर. ॲन रॅडक्लिफच्या 1794 सालच्या 'उडॉल्फो' या भयकादंबरीनं कॅथरीनला पुरतं झपाटलंय. जगातलं सगळ्यात 'नाइस' पुस्तक नाही का हे, असं ती भाबडेपणानं विचारते. हेन्री तिला लगेच शब्दात पकडतो: म्हणजे नीटनेटकं? मग ते बांधणीवर अवलंबून!

कॅथरीन गांगरते, पण हटत नाही. पुस्तक नाइस आहे, मग तसं का म्हणू नये? यावर हेन्रीची सरबत्ती सुरू होते. आजचा दिवस नाइस, फिरणं नाइस, तुम्ही दोघीही नाइस! त्याच्या मते हा शब्द मुळात नेटकेपणा, औचित्य, नजाकत सांगणारा. आता मात्र कुठल्याही कौतुकाला तो एकच पुरतो.

गंमत अशी, की हेन्रीचं 'मूळ'सुद्धा अधलंमधलंच आहे. खरं मूळ लॅटिन 'नेस्कियुस', म्हणजे अजाण. त्यातल्या 'जाणणे' या धातूपासूनच 'सायन्स' आला. फ्रेंचमार्गे 1300च्या सुमारास इंग्रजीत शिरताना 'नाइस'चा अर्थ होता खुळा, बावळट. पुढे तो लाजरा झाला, चोखंदळ झाला, काटेकोर झाला. अठराव्या शतकात 'छान'वर येऊन पोचला. कायद्यातल्या बारीक मुद्द्याला इंग्रजीत आजही 'नाइस पॉइंट' म्हणतात, ती त्या काटेकोरपणाची खूण.

मला या प्रसंगात सर्वांत मोलाचं वाटतं ते एलिनरचं उत्तर. ती भावाला सुनावते, की हा शब्द खरं तर तुलाच लावायला हवा, आणि तोही स्तुती म्हणून नव्हे. तू शहाणा कमी, 'नाइस' जास्त! इथे नाइस म्हणजे फाजील चिकित्सक. शब्दाचा जुना, कडक अर्थ नेमका वापरते ती एलिनर, आणि शब्दशुद्धीचा आग्रह धरणाऱ्यावरच. एका विशेषणात ऑस्टिननं भावाबहिणीचं सगळं नातं उभं केलंय: रोजची चेष्टा, बरोबरीची बुद्धी, पाहुणीची पाठराखण. मग एलिनर कॅथरीनकडे वळते. याला बसू दे आपल्या चुका काढत, आपण 'उडॉल्फो'चं कौतुक आपल्याला हव्या त्या शब्दांत करू.