दोनशे डॉलर्सचे मोल : ‘थ्री टेन टू युमा’ या चित्रपटाच्या दोन रूपांचा तौलनिक विचार

प्रस्तावना

अमेरिकन वेस्टर्न चित्रपटाकडे बंदूक, घोडा आणि वाळवंट यांचा करमणूकप्रधान खेळ म्हणून पाहण्याची सवय अभ्यासकांमध्येही दिसते. वस्तुतः या चित्रप्रकाराने कायदा, समाज आणि व्यक्तीचे कर्तव्य यांविषयीचे मूलभूत प्रश्न सातत्याने हाताळले आहेत. डेल्मर डेव्हिस दिग्दर्शित ‘थ्री टेन टू युमा’ (१९५७) हे त्याचे ठळक उदाहरण होय. याच कथानकावर जेम्स मँगोल्ड यांनी २००७ मध्ये त्याच नावाचा चित्रपट केला. दोन्ही चित्रपटांत दोनशे डॉलर्स ही रक्कम कथेच्या केंद्रस्थानी आहे. या रकमेचा अर्थ पन्नास वर्षांत कसा बदलला, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मूळ कथा आणि पटकथेतील बदल

दोन्ही चित्रपटांचा आधार असलेली एल्मोर लेनर्ड यांची लघुकथा १९५३ मध्ये ‘डाइम वेस्टर्न’ या मासिकात प्रसिद्ध झाली. कथेचा नायक पॉल स्कॅलन हा डेप्युटी मार्शल, म्हणजे पगारी कायदारक्षक आहे. दीडशे डॉलर्स महिन्यावर तो कैद्याला युमाच्या तुरुंगाकडे जाणाऱ्या गाडीत बसविण्याचे काम करतो. जिवावर बेतले तरी ते त्याच्या नोकरीचेच काम आहे.

पटकथाकार हॉल्स्टेड वेल्स यांनी नायकाला नोकरीतून मुक्त करून त्याला डॅन एव्हन्स नावाचा, गुरे पाळणारा आणि दुष्काळाने गांजलेला शेतकरी केले. कायद्याने हे काम त्याच्यावर बंधनकारक नाही. शेजाऱ्याच्या ओढ्यावरील सहा महिन्यांच्या पाण्याच्या हक्कासाठी त्याला दोनशे डॉलर्स हवे आहेत. आणि टोळीप्रमुख बेन वेडला काँटेन्शनच्या स्थानकापर्यंत पोहोचविणाऱ्यास घोडागाडी कंपनीचा मालक बटरफील्ड नेमके तेवढेच देऊ करतो. पगाराच्या जागी गरज आल्यामुळे कथेचा नैतिक प्रश्नच बदलतो. गरजेपोटी पत्करलेले काम कोणत्या क्षणी कर्तव्य बनते, हा तो प्रश्न होय.

१९५७ : मोबदल्याकडून कर्तव्याकडे

चित्रपटाच्या आरंभी वेडची टोळी एव्हन्सचीच गुरे आडवी घालून घोडागाडी लुटते आणि गाडीवान मून्सचा खून होतो. आपल्या दोन मुलांदेखत एव्हन्स स्वस्थ उभा राहतो. एकटा, निःशस्त्रप्राय माणूस दुसरे काय करणार, हा त्याचा युक्तिवाद व्यवहारतः बिनतोड आहे. तरीही मुलांच्या आणि पत्नी ॲलिसच्या नजरेतील प्रश्न त्याने मिटत नाही. पुढे गुत्त्यात वेडला अडकवून ठेवण्यासाठी एव्हन्स त्याच्याकडे आपल्या बुडालेल्या वेळेची, मुलांच्या वेळेची आणि वर मनःस्तापाचीही भरपाई मागतो. वेड हसत हसत डॉलर मोजतो. प्रत्येक गोष्टीला किंमत असते, या त्याच्या तत्त्वज्ञानाची ही पहिली खूण आहे, आणि याच गाफील क्षणी तो पकडला जातो.

चित्रपटाचा गाभा मात्र हॉटेलच्या खोलीत आहे. खिडकीशी बंदूक घेऊन बसलेला शेतकरी आणि पलंगावर निवांत पहुडलेला कैदी, एवढ्या सामग्रीवर डेव्हिस यांनी प्रदीर्घ संघर्ष उभा केला आहे. ग्लेन फोर्ड यांनी वेडची भूमिका आवाज न चढविता केली आहे. त्याचे हत्यार बोलणे हेच आहे. तो रकमेचा आकडा वाढवत नेतो, संसाराची आस्थेने चौकशी करतो आणि एव्हन्सच्या दारिद्र्यावर नेमके बोट ठेवतो. व्हॅन हेफ्लिन यांच्या घामेजलेल्या चेहऱ्यावर मोह स्पष्ट उमटतो. हा नायक मोहापलीकडचा नाही, म्हणूनच त्याच्या नकाराला वजन येते.

भाड्याने आणलेली माणसे टोळी पाहताच पळ काढतात. गावचा मद्यपी ॲलेक्स पॉटर मात्र मागे राहतो, सावध करताना गोळी खातो आणि हॉटेलच्या दिवाणखान्यात फासावर लटकविला जातो. यानंतर बटरफील्ड माघार घेतो. काम न करताही पैसे देण्याची तयारी दाखवितो. येथे दोनशे डॉलर्सचा प्रश्न व्यवहाराच्या पातळीवर संपलेला असतो, आणि एव्हन्स नेमका याच वेळी काम पुरे करण्याचा निश्चय करतो. लोकांनी सभ्यतेने व निर्भयपणे जगावे यासाठी एका दारुड्याने प्राण दिला असेल, तर आपल्याला मागे फिरता येणार नाही, अशी त्याची भूमिका आहे. ‘हाय नून’ (१९५२) मध्ये भित्र्या समाजाचा नायकाने अखेर तिरस्कार केला. येथे त्याच समाजातील सर्वांत उपेक्षित माणसाचे मरण नायकाला समाजाशी बांधून टाकते. हा फरक महत्त्वाचा आहे.

शेवटी वेड आपणहून एव्हन्सबरोबर गाडीत उडी घेतो, हा प्रसंग अविश्वसनीय असल्याचा आक्षेप घेतला जातो. परंतु मून्सचा भाऊ सूड घेण्यासाठी हॉटेलच्या खोलीत घुसला असता एव्हन्सनेच वेडचा जीव वाचविलेला असतो. प्रत्येक गोष्ट पैशात मोजणाऱ्या वेडला हे ऋण पैशात फेडता येत नाही. त्याची कृती हे हृदयपरिवर्तन नसून परतफेड आहे. युमातून आपण पूर्वीही निसटलो आहोत, हे तो लगेच सांगून टाकतो. त्यानंतर कोसळणारा पाऊस योगायोगाचा वाटतो हे मान्य केले, तरी त्याचा अर्थ दृष्टिआड करता येत नाही. ज्या पाण्यासाठी एव्हन्स निघाला, ते पाणी अखेर विनामूल्य मिळते. म्हणजे त्याच्या कृतीला आता पैशाचे कारणही उरत नाही. चार्ल्स लॉटन (ज्युनिअर) यांच्या कृष्णधवल छायाचित्रणाने दीड तास सोसायला लावलेला कोरडेपणा या क्षणी अर्थपूर्ण ठरतो.

२००७ : किंमत आणि पितृत्व

मँगोल्ड यांच्या चित्रपटात हीच रक्कम वेगवेगळ्या रूपांत परत येते. यादवी युद्धात पाय गमावलेल्या एव्हन्सला (ख्रिश्चन बेल) सरकारने १९८.३६ डॉलर्स दिले होते. ती भरपाई नव्हती, सरकारला जबाबदारीतून मोकळे होण्यासाठी दिलेली किंमत होती, असे त्याला उमजले आहे. पुढे टोळीतील चार्ली प्रिन्स (बेन फॉस्टर) भर रस्त्यात उभा राहून कैद्याच्या रक्षकांपैकी एकास मारणाऱ्यास दोनशे डॉलर्स जाहीर करतो आणि गावकरी बंदुका उचलतात. माणूस वाचविण्याची आणि मारण्याची किंमत येथे एकच ठरते. जुन्या चित्रपटात गाव भित्रे होते. येथे ते विकाऊ आहे. दोन्ही काळांतील समाजविषयक विश्वासातील अंतर या एका प्रसंगात सामावले आहे.

अशा समाजासाठी प्राण पणाला लावण्याचे कारण एव्हन्सजवळ उरत नाही. म्हणून पॉटरच्या जागी थोरला मुलगा विल्यम येतो. एव्हन्स कुटुंबासाठी एक हजार डॉलर्स, पाण्याची हमी आणि मुलाची सुरक्षितता मागून घेतो. आणि आपण आपल्याच सैनिकांच्या गोळीने जायबंदी झालो, मुलांना अभिमानाने सांगावे असे आपल्याजवळ काही नाही, अशी कबुली वेडपाशी (रसेल क्रो) देतो. या कबुलीनंतर वेडने त्याला साथ देणे भावनिकदृष्ट्या परिणामकारक आहे. मात्र एव्हन्सच्या मृत्यूनंतर वेड स्वतःच्याच टोळीचा संहार करतो, तेव्हा ऋणफेडीची संयत कल्पना प्रायश्चित्ताच्या नाट्यात विरघळते. कर्तव्याची साक्ष आता समाजाऐवजी केवळ पुत्र देतो.

समारोप

नव्या चित्रपटाची व्यक्तिचित्रणे अधिक गुंतागुंतीची आहेत आणि सरकार, रेल्वे व सावकार यांच्या कचाट्यातील शेतकरी त्यात अधिक नेमकेपणाने दिसतो, हे नि:संशय. तथापि १९५७ च्या चित्रपटाने घातलेला प्रश्न अधिक अवघड आहे. आपल्या मुलासाठी प्राण देणे कठीण खरे, पण ते समजण्याजोगे आहे. जिच्याशी रक्ताचे नाते नाही आणि जिला समाजात प्रतिष्ठा नाही अशा व्यक्तीच्या मरणाची जबाबदारी, मोबदला हाती येत असतानाही, स्वतःवर घेणे ही त्यापुढची पायरी आहे. डेव्हिस यांचा एव्हन्स ती पायरी ओलांडतो. १९५७ चा चित्रपट आजही पुन्हा पाहावासा वाटतो, तो यामुळे.