शस्त्रे आजची, युद्धे कालची

आधुनिक सैन्याची एखादी तुकडी, युद्धनौका किंवा रणगाडा काळाची सीमा ओलांडून जुन्या युद्धात जाऊन पडतो, या एका कल्पनेवर अमेरिका, जपान, कोरिया, रशिया आणि चीन या देशांत कादंबऱ्या, चित्रपट आणि चित्रकथा यांचा मोठा साठा जमा झाला आहे. वरवर पाहता या कथांचे आकर्षण अगदी साधे असते: तलवारीसमोर मशीनगन आली तर काय होईल? मात्र या प्रश्नाचे उत्तर पहिल्या दहा मिनिटांतच मिळून जाते, आणि उरलेला वेळ लेखक कशाने भरतो यावरच कृतीचा कस लागतो. या प्रकारातल्या मोजक्या चांगल्या कृती शस्त्राच्या बळापेक्षा दुसऱ्याच प्रश्नाभोवती फिरतात. ज्या राज्याची शपथ घेऊन सैनिकाने गणवेश चढवला ते राज्यच अजून जन्माला आलेले नसेल, तर तो कोणाच्या आज्ञेने आणि कोणासाठी लढतो, हा तो प्रश्न होय.

या परंपरेच्या उगमाशी असलेली कृती तिच्या बहुतेक वारसांपेक्षा अधिक कठोर आहे. मार्क ट्वेनच्या १८८९ सालच्या कादंबरीत शस्त्रकारखान्यात काम केलेला हँक मॉर्गन हा अमेरिकी माणूस सहाव्या शतकातल्या आर्थर राजाच्या दरबारी पोहोचतो आणि शेवटी विजेच्या तारांचे कुंपण व गॅटलिंग तोफा, म्हणजे दांडा फिरवून चालवायच्या अनेक नळ्यांच्या बंदुका, वापरून हजारो चिलखतधारी सरदारांची कत्तल करतो. युद्ध तो जिंकतो. पण त्याचे मूठभर साथीदार त्याच प्रेतांच्या वेढ्यात अडकतात आणि सडत्या देहांनी दूषित झालेल्या हवेने आजारी पडू लागतात. प्रगतीवर गाढ विश्वास असलेल्या शतकाच्या अखेरीस लिहिलेला हा शेवट आजही अंगावर येतो, आणि नंतरच्या लेखकांनी त्यातली कत्तल तेवढी उचलून तिचा परिणाम मात्र मागे सोडला, ही या प्रकाराची पहिली मोठी हानी म्हणावी लागेल.

१९८० साली आलेला ‘द फायनल काउंटडाउन’ हा चित्रपट या दृष्टीने तपासण्याजोगा आहे. अणुऊर्जेवर चालणारी ‘निमित्झ’ ही विमानवाहू नौका एका चमत्कारिक वादळातून डिसेंबर १९४१ मध्ये, पर्ल हार्बरवरील जपानी हल्ल्याच्या आदल्या दिवशी, हवाईजवळच्या समुद्रात पोहोचते. तिच्यावरील एफ-१४ विमाने दोन जपानी ‘झीरो’ विमाने पाडतात, कप्तान पूर्ण ताकदीने प्रतिहल्ल्याची आज्ञा देतो, आणि नेमक्या त्या क्षणी वादळ परत येऊन नौकेला १९८० मध्ये उचलून नेते. चित्रीकरण अमेरिकी नौदलाच्या सहकार्याने प्रत्यक्ष निमित्झवर झाल्यामुळे विमानांच्या उड्डाणांची दृश्ये अस्सल आहेत, पण कथेचा गाभा त्या वादळाने पळवला आहे. हल्ला रोखावा की नाही, याचा निर्णय कप्तानाने घेतल्यानंतर त्याची किंमत मोजण्याची वेळच त्याच्यावर येत नाही. प्रश्न उभा करून निसर्गाच्या हातून तो पुसून टाकणे ही कलाकृतीची पळवाट आहे, आणि ज्या नौदलाने आपली नौका उसनी दिली त्याला अडचणीचे ठरेल असे उत्तर चित्रपटात येणे कठीणच होते.

या प्रकाराची खरी खोली जपानमध्ये दिसते, आणि त्याचे कारण जपानच्या राज्यघटनेत आहे. १९४७ पासून अमलात असलेल्या या घटनेच्या नवव्या कलमाने युद्धाचा हक्क कायमचा सोडला आहे, आणि १९५४ साली स्थापन झालेले ‘स्वसंरक्षण दल’ सैन्याची सारी सामग्री बाळगत असले तरी कायद्याच्या भाषेत सैन्य नाही. अशा दलाची तुकडी सोळाव्या शतकातल्या सरदारांच्या यादवी युद्धात, म्हणजे सेंगोकू काळात, जाऊन पडली तर तिला रोखणारे कलमही उरत नाही आणि आज्ञा देणारे सरकारही उरत नाही. रियो हानमुरा यांच्या १९७१ च्या कथेवरून १९७९ मध्ये निघालेल्या ‘सेंगोकू जिएइताई’ या चित्रपटात हेच घडते. लेफ्टनंट इबा हा अधिकारी हळूहळू परतीची आशा सोडतो आणि युद्धाच्या नशेत शिरतो. नागाओ कागेतोरा या सरदाराशी मैत्री करून तो साऱ्या जपानवर सत्ता मिळवण्याचे स्वप्न पाहू लागतो. ताकेदा शिंगेनच्या फौजेशी होणारी दीर्घ लढाई हा या चित्रपटाचा कळस आहे. शिंगेनची माणसे रणगाडा आणि हेलिकॉप्टर पाहून पळून जात नाहीत. ती अडथळे उभारतात, जवळ येऊन भिडतात, मरतात आणि पुन्हा येतात. इबा लढाई जिंकतो, पण त्याची बहुतेक माणसे आणि जवळजवळ सारी यंत्रे त्या मैदानातच संपतात, आणि उरलेल्यांचा काटा कागेतोराच्या माणसांकडूनच काढला जातो.

सैनिकांचे बंड, लूट आणि बलात्कार दाखवणाऱ्या या चित्रपटाला स्वसंरक्षण दलाने सहकार्य दिले नाही, त्यामुळे निर्मात्यांना रणगाड्याची प्रतिकृती स्वतः बनवून घ्यावी लागली. २००५ च्या नव्या आवृत्तीला मात्र ते सहकार्य मिळाले आणि कथा लगेच सोज्वळ झाली: एका भरकटलेल्या कर्नलवर सारी पापे ढकलली गेली आणि बाकीचे जवान इतिहास वाचवायला निघालेले सज्जन ठरले. रणगाडा कोणाकडून मिळाला यावर कथेचे धाडस किती अवलंबून असते, हे या दोन चित्रपटांच्या तुलनेइतके स्पष्ट क्वचितच दिसते.

काइजी कावागुची यांची २००० ते २००९ या काळात चाललेली ‘झिपांग’ ही चित्रकथामालिका या साऱ्या प्रकारातील सर्वांत विचारी कृती मानायला हवी. ‘मिराई’ ही इजिस यंत्रणेची, म्हणजे एकाच वेळी अनेक लक्ष्यांचा माग काढून त्यांच्यावर क्षेपणास्त्रे सोडू शकणारी, जपानी विनाशिका जून १९४२ मध्ये मिडवेच्या लढाईजवळ प्रकट होते. कोणाचीही बाजू न घेता निघून जावे असे तिच्या अधिकाऱ्यांचे मत असते, पण उपकप्तान कादोमात्सु समुद्रात बुडणाऱ्या कुसाका या नौदल अधिकाऱ्याला वाचवतो. त्या एका माणुसकीच्या कृतीने सारा इतिहास हलू लागतो, कारण शुद्धीवर आलेला कुसाका नौकेवरील पुस्तकांत जपानचा पराभव, अणुबाँब आणि त्यानंतरची साठ वर्षे वाचून काढतो आणि एका वेगळ्या जपानसाठी स्वतःच्या योजना आखू लागतो. पुढे ‘वास्प’ या अमेरिकी विमानवाहू नौकेची विमाने मिराईवर तुटून पडतात, आणि बचावासाठी मिराई वास्पलाच बुडवते. प्रत्यक्ष इतिहासात वास्प सप्टेंबर १९४२ मध्ये जपानी पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाली होती. तिचे मरण अटळच होते, हा युक्तिवाद वाचकाच्या मनात येतो खरा, पण कावागुची वाचकाला त्याचा आधार घेऊ देत नाहीत, कारण आता मारणारे हात कधीही युद्ध न पाहिलेल्या तरुणांचे आहेत.

याच मालिकेत आणखी एक गोष्ट काटेकोरपणे सांभाळली आहे: सोडलेले प्रत्येक क्षेपणास्त्र कायमचे संपते. इंधनाचेही तसेच आहे: अमेरिकी अब्राम्स रणगाड्यात सुमारे १,९०० लिटर इंधन मावते आणि तेवढ्यावर तो सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास जातो. त्यापुढे तेलशुद्धीकरण नसलेल्या जगात तो लोखंडी अडगळ होतो. या पुरवठ्याच्या प्रश्नाला नायकत्व देणारी कादंबरी म्हणजे एरिक फ्लिंट यांची २००० सालची ‘१६३२’. तिच्यात पश्चिम व्हर्जिनियातील खाणकामगारांचे एक गाव तीस वर्षांच्या युद्धात होरपळणाऱ्या जर्मनीत येऊन पडते आणि वीज, यंत्रे व सुटे भाग संपण्याआधी तंत्रज्ञान मुद्दाम काही पायऱ्या खाली उतरवण्याचा निर्णय घेते. त्याउलट हॅरी टर्टलडव्ह यांच्या १९९२ च्या कादंबरीत एकविसाव्या शतकातले वर्णद्वेष्टे दक्षिण आफ्रिकी लोक अमेरिकी यादवी युद्धातल्या जनरल लीच्या फौजेला एके-४७ बंदुका पुरवतात. पुरवठ्याचा तपशील येथेही नेटका आहे, पण गुलामगिरी टिकवण्यासाठी लढणाऱ्या पक्षाच्या सेनापतीला लेखकाने दिलेले औदार्य अनाठायी वाटते.

कोरियातील ‘चोनगुन’ हा २००५ चा चित्रपट उत्तर व दक्षिणेच्या सैनिकांना सोळाव्या शतकात नेऊन तरुण यी सुन-सिनसमोर उभे करतो, आणि पुढे नौदलाचा महानायक ठरलेला हा माणूस तेव्हा परीक्षेत नापास झालेला असतो, ही त्यातली कल्पना लक्षात राहते. चीन आणि रशियातील अलीकडच्या प्रचंड लेखनात मात्र बरेचदा यादीच वाढत जाते: किती बंदुका, किती भट्ट्या, किती शत्रू ठार. इतिहासात सोसलेला अपमान भरून काढण्याची इच्छा समजण्यासारखी आहे, पण तिला प्रतिस्पर्धी माणूस उरत नाही तेव्हा कथा हिशेबाची वही होते.

मराठीत इतिहास बदलण्याचा प्रश्न वेगळ्या वाटेने आला. जयंत नारळीकर यांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत कोणतीही भावी फौज येत नाही; विश्वासरावांना लागणारी गोळी थोडक्यात हुकते आणि तेवढ्यावर दुसरा हिंदुस्थान उभा राहतो. पानिपताकडे पुरवठ्याच्या नजरेने पाहिले तर या संयमाची किंमत अधिक कळते. इब्राहिमखान गारदीच्या तोफा १७६१ मध्ये हिंदुस्थानातल्या उत्तम तोफांपैकी होत्या, पण मराठ्यांना रसद पुरवणारे गोविंदपंत बुंदेले त्याआधीच्या डिसेंबरात मारले गेले, रसद तुटली आणि उपाशी सैन्य रणांगणात उतरले. त्या छावणीत कोणी मशीनगन नेऊन ठेवल्या असत्या तरी धान्य आले नसते, हे ज्या वाचकाला ठाऊक आहे त्याला नुसत्या शस्त्रांच्या कथा फार काळ बांधून ठेवत नाहीत.

उणीव आहे ती दुसऱ्या बाजूच्या निवेदकाची. पोल अँडरसन यांनी १९५६ मध्येच एका कथेत विसाव्या शतकातल्या अमेरिकी सैनिकाला दहाव्या शतकातल्या आइसलंडमध्ये पाठवले आणि ती कथा त्याच्याऐवजी त्याला आसरा देणाऱ्या शेतकऱ्याच्या तोंडी घातली. सैनिकाजवळ पिस्तूल असते, पण अवजारे बनवण्यासाठी लागणारी अवजारे नसतात, गावाचे रीतिरिवाज त्याला कळत नाहीत, आणि गोळ्या संपल्यावर तो मारला जातो. शेतकरी त्याला मूर्खही ठरवत नाही आणि देवही मानत नाही. वाट चुकलेल्या पाहुण्याबद्दल बोलावे तसा तो हळहळून बोलतो. शिंगेनच्या पायदळातला एखादा भालाईत किंवा वास्पवरचा खलाशी अशा निवेदनाचा अधिकारी ठरला असता, पण तो मार्ग फार थोड्या लेखकांनी धरला आहे.