डोलकाठीवरचे बोलणे

येरमाळ्यात राहून शिडाच्या नौकांवर मत द्यायचे म्हणजे आटलेल्या विहिरीत पोहण्याचे वर्ग काढण्यासारखे आहे, असे आमच्या शेजारच्या मास्तरांचे म्हणणे. समुद्र इथून शेकडो किलोमीटर. पण टीकेला अंतर लागते म्हणतात. मग एवढे अंतर मुंबईच्या टीकाकारांना कुठून मिळणार?

माझी लाडकी नौका ‘सुहैली’. मुंबईत सागाच्या लाकडात बांधलेली, दोन डोलकाठ्यांची, लांबी 32 फूट. फोटो पाहिला तर आधी निराशाच होते. बुटकी, जाड, कमरेत रुंद. हल्लीच्या सडपातळ नौकांच्या ओळीत ती लग्नाला आलेल्या गावाकडच्या मावशीसारखी दिसते. 1968 साली कुठेही न थांबता, एकट्याने जगप्रदक्षिणा करण्याच्या शर्यतीत नऊ जण निघाले. त्यातला रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हिला घेऊन गेला. वाटेत मावशीचे सांधे कुरकुरले, फळ्यांमधून पाणी आत येऊ लागले. गड्याने भर समुद्रात बुडी मारून ते बुजवले. 312 दिवसांनी, 22 एप्रिल 1969 रोजी, ती फाल्मथ बंदरात परत आली. बाकीच्या आठांपैकी एकानेही शर्यत पुरी केली नाही. फोटो पुन्हा पाहा. तिच्या अंगावर नुसते मिरवायला ठेवलेले काही नाही. मला देखणेपणा म्हणतात तो हाच वाटतो.

निशाणांचेही तसेच. निळ्यावर पांढरा चौकोन म्हणजे ‘सगळे या, आम्ही निघतो आहोत’, आमच्या एस.टी.चा कंडक्टर हेच घंटीवर सांगतो, पण तोपर्यंत गाडी हललेली असते. नुसते पिवळे निशाण म्हणजे ‘बोटीवर रोगराई नाही, बंदरात येऊ द्या’. पाहुण्यांना हा नियम लावला तर किती बरे होईल! शिवाय परमुलखात गेल्यावर त्या देशाचे निशाण उजव्या बाजूला वर चढवायचे, हा शिष्टाचार. सणासुदीला मात्र सगळी निशाणे दोरीला ओवून बोट सजवतात, तेव्हा माझा विरस होतो. रंग पुष्कळ, मजकूर शून्य. त्यासाठी समुद्रावर कशाला जायचे? आमच्या चौकातले फ्लेक्स काय वाईट आहेत?

मास्तरांचा हुकमी पत्ता म्हणजे ‘तुरिया’. ‘सुहैली’च्याच वळणावर गोव्यात बांधलेली ही नौका घेऊन नौदलाचे अभिलाष टॉमी 2018 च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत उतरले. सप्टेंबरात दक्षिण हिंदी महासागरात वादळाने तिच्या डोलकाठ्या मोडल्या. पाठीला जबर मार लागून टॉमी आत पडून होते. वैद्यकीय मदत मागण्याचेही एक निशाण असते, निळ्या चौकटीत पांढरा, त्यात लाल चौकोन. पण ते चढवायला माणूस उठता हवा, काठी उभी हवी आणि पाहणारा जवळ हवा. तिन्ही नव्हते. उपग्रहावरून निरोप गेले, आणि 24 सप्टेंबरला ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने त्यांना उचलले. नौका तिथेच सोडावी लागली.

‘‘गेली ना तुमची मावशी?’’ मास्तर म्हणतात.

गेली. पण तोच माणूस 2022 साली पुन्हा त्याच शर्यतीत उतरला आणि 2023 मध्ये दुसरा आला. नौका या खेपेला दुसरी होती, तीही जुन्याच घडणीची. त्या शर्यतीचा नियमच तसा आहे. मास्तरांना मी हे सांगितले, तर ते म्हणाले, ‘‘पहिला कोण आला ते सांगा.’’

एक बाई आल्या. कर्स्टन नॉयशेफर. दक्षिण आफ्रिकेच्या. नौका जुन्या घडणीचीच.