हार्डींचा निकाल आणि पंचेचाळीसचा वर्ग

जी. एच. हार्डी यांचे 'अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी' हे १९४० सालचे छोटेखानी पुस्तक गणिताशी संबंध नसलेले वाचकही आवडीने वाचतात. त्यातल्या गद्याविषयी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यात जाता जाता दिलेल्या एका निकालाविषयी. १५३ ही संख्या म्हणजे तिच्याच अंकांच्या घनांची बेरीज (१ + १२५ + २७). ८७१२ ही संख्या उलट लिहिलेल्या २१७८ ची चौपट. अशा गोष्टींची रवानगी हार्डी वर्तमानपत्री कोड्यांच्या सदरात करतात. त्यांच्या मते या विधानांना व्याप्ती नाही, त्यांतून पुढे काही निघत नाही. सबब गणितज्ञाला त्यांत रस नाही.

१७२९ ची गोष्ट सांगणारेही हार्डीच. आजारी रामानुजनना ते भेटायला गेले, टॅक्सीचा क्रमांक नीरस असल्याचे बोलले. तेव्हा रामानुजन म्हणाले की, दोन घनांची बेरीज म्हणून दोन रीतींनी मांडता येणारी ही सर्वांत लहान संख्या आहे. आपल्याकडे ही गोष्ट चमत्कार म्हणून सांगतात, आणि मग पुढचे कोणी पाहत नाही. हार्डींनी ती लिहून ठेवताना कंसात संख्येचे अवयवही दिले आहेत: ७, १३ आणि १९. आता दोन संख्यांच्या घनांच्या बेरजेला त्या संख्यांच्या बेरजेने नेहमीच भाग जातो. १ आणि १२ मिळून १३. ९ आणि १० मिळून १९. म्हणजे १७२९ = १३ × १३३ = १९ × ९१. नीरस म्हटलेल्या अवयवांतच दोन्ही रीतींचा माग होता! रामानुजन यांच्या हस्तलिखितातही ९ आणि १० यांच्या घनांची बेरीज १२ च्या घनाहून एकानेच अधिक असल्याची नोंद आहे, आणि ती अशाच समीकरणांच्या एका कुळात बसते. उत्तर आकाशातून पडले नव्हते.

१९ आणि ९१ एकमेकांच्या उलट आहेत, हे मात्र दहाच्या पायाचे देणे. आठच्या पायावर त्याच संख्या २३ आणि १३३ अशा लिहाव्या लागतात. उलटेपण संपते, घन टिकतात. इथवर मी हार्डींच्या बाजूचा आहे.

पण हीच कसोटी देवळालीचे शाळाशिक्षक द. रा. कापरेकर यांच्या संख्यांना लावून पाहू. (हार्डींनी त्यांचे नाव घेतलेले नाही, निकाल मात्र त्यांच्यासारख्यांनाच लागू पडतो.) ४५ चा वर्ग २०२५, त्याचे दोन तुकडे २० आणि २५, बेरीज पुन्हा ४५. दिसायला निव्वळ अंकांची गंमत. आता २०२५ म्हणजे २० शंभर आणि २५. त्यातून ४५, म्हणजेच २० + २५, वजा केले की उरतात २० वेळा ९९. दुसरीकडे ४५ च्या वर्गातून ४५ वजा करणे म्हणजे ४५ × ४४. तेव्हा या गुणाकाराला ९९ ने भाग गेलाच पाहिजे. तो कसा जातो? ९ चा भाग ४५ ला, ११ चा ४४ ला. ज्यांच्यात सामाईक अवयव नाही अशा दोन तुकड्यांत ९९ फुटते, आणि एकेक तुकडा लागोपाठच्या दोन संख्यांत जाऊन बसतो.

पाया बदलला तरी हे तंत्र चालते. आठच्या पायावर ९९ ची जागा ६३ घेते, म्हणजे ७ × ९. २८ ला ७ ने, २७ ला ९ ने भाग जातो. २८ चा वर्ग ७८४, म्हणजे १२ चौसष्ट आणि १६; १२ + १६ = २८. अंक बदलले, रचना तीच राहिली.

सिद्धता सोपी आहे, असे हार्डी म्हणतील. आहेच. पण सोपेपणा आणि व्याप्तीचा अभाव हे दोन वेगळे आरोप आहेत. हार्डींनी ते एकाच निकालात गुंडाळले. कापरेकरांच्या चाहत्यांनीही त्यांना मदतच केली आहे. ६१७४ चे कौतुक छापायचे, ४५, ५५, २९७ अशी यादी द्यायची आणि 'का' हे विचारायचे नाही, हा आपला शिरस्ता. २९७ चा वर्ग ८८२०९. ८८ आणि २०९ मिळून २९७. इथे ९९९ चे तुकडे २७ आणि ३७. पहिल्याने २९७ ला भाग जातो, दुसऱ्याने २९६ ला.