रंग निर्धोक, पण लाकडाचे काय?

अमेरिकेतल्या कुठल्याही उपनगरात फेरफटका मारला तर एक गोष्ट नजरेत भरते. घरापुढच्या झुडपांच्या बुंध्याशी, फुलझाडांच्या वाफ्यांत, शाळेच्या फाटकाजवळ, बँकेच्या आवारात अशी सगळीकडे जमिनीवर लाकडाच्या ढलप्या पसरलेल्या असतात. ओल टिकावी, तण वाढू नये, माती फार तापू नये, यासाठी केलेले हे आच्छादन. आपल्याकडे उसाच्या शेतात पाचट पसरतात त्यातलाच हा प्रकार. फरक एवढाच, की या ढलप्या विटेसारख्या लाल, चॉकलेटी किंवा कुळकुळीत काळ्या असतात. इतके एकसारखे लाल लाकूड कुठल्याच झाडाचे नसते. या ढलप्या कारखान्यात रंगवलेल्या असतात.

काही वर्षांपूर्वी आम्ही न्यू जर्सीत भाचीकडे गेलो होतो. तिची पाच वर्षांची मुलगी अंगणात खेळून आली ती लाल तळहात घेऊन. भाची घाबरली. "मामा, तुम्ही रसायनवाले. हा रंग विषारी तर नाही ना?" आम्ही पिशवीवरचा मजकूर वाचला. रंगद्रव्य आयर्न ऑक्साइडचे होते. "अगं, हा तर गेरू! हात धू म्हणावं, झालं." उत्तर चूक नव्हते, पण ते अर्ध्याच प्रश्नाचे होते, हे आमच्या लक्षात यायला बराच काळ गेला. या धंद्याचे माहितीपत्रक आणि त्याच्या विरोधात लिहिणारी बागकामाची सदरे वाचताना दिसते, की दोन्हीकडची मंडळी याच अर्ध्या प्रश्नात अडकलेली आहेत. म्हणून ही थोडी चिकित्सा.

रंग चढतो कसा?

रंगीत आच्छादनाचा कच्चा माल बहुधा टाकाऊ लाकूड असते: मोडकी खोकी, मालवाहतुकीची पॅलेट, बांधकामातले आणि पाडकामातले लाकूड. ते आधी मोठ्या दळणयंत्रात भरडले जाते. पुढे दोन वाटा आहेत. पहिलीत, दुसऱ्यांदा भरडताना यंत्रातच पाणी आणि रंग यांचे मिश्रण फवारतात. भरडणे आणि रंगवणे एकदम होते, धूळही बसते. दुसरीत रंगवण्याचे यंत्र वेगळे असते. लांबट हौदात मळसूत्री पाती ढलप्या घुसळत पुढे ढकलतात, किंवा त्या फिरत्या पिंपात उलटसुलट होतात, आणि पंप मोजून रंग सोडत राहतो. मग रंगलेला ढीग सुकायला ठेवतात. पुरता सुकण्याआधी पावसात सापडला तर रंग ओघळतो.

यात शिकवण्याजोगे विज्ञान पुष्कळ आहे. रंग किती लागेल हे वजनावर नव्हे, तर पृष्ठभागावर ठरते. ४ सेंटिमीटर बाजूच्या लाकडी घनाचे पृष्ठफळ ९६ चौरस सेंटिमीटर. त्याचेच १ सेंटिमीटर बाजूचे ६४ तुकडे केले तर एकूण पृष्ठफळ ३८४ चौरस सेंटिमीटर, म्हणजे चौपट. लाकूड तेवढेच, रंग मात्र चौपट. त्यामुळे भुसा फार झाला की कारखानदाराला तोटा. पाण्याचेही तसेच. कोरडे लाकूड पाणी झटकन शोषते, आणि पाणी कमी पडले तर रंग सगळीकडे पोचत नाही. ओल जास्त असेल तर मिश्रण पातळ होऊन गळून जाते. म्हणून चांगल्या कारखान्यात लाकडातली ओल पाहून पाण्याचे प्रमाण बदलतात.

दोन्ही बाजूंचा गोंधळ

आता रंगाकडे वळू. सदरलेखक सरसकट 'केमिकल डाय' म्हणून घाबरवतात. पण विद्राव्य रंजक वेगळा आणि अविद्राव्य रंगद्रव्य वेगळे. कापड रंगवतो तो रंजक पाण्यात विरघळतो आणि धाग्यात शिरतो. रंगद्रव्य विरघळत नाही. त्याचे बारीक कण पृष्ठभागावर बसतात आणि चिकट द्रव्याच्या आधाराने टिकतात. या ढलप्यांवर प्रामुख्याने रंगद्रव्येच असतात. लाल, पिवळे, तपकिरी रंग लोहाच्या ऑक्साइडांचे, काळा बहुधा कार्बन ब्लॅकचा. आपल्या भाषेत सांगायचे तर गेरू, पिवळी माती आणि काजळी! तुळशीवृंदावनाला गेरू लावणाऱ्यांना त्याचे भय वाटायचे कारण नाही. कार्बन ब्लॅकची कोरडी पूड श्वासावाटे जाणे घातक ठरू शकते, पण तो प्रश्न मुख्यतः कारखान्यातल्या कामगाराचा आहे, बागेतल्या फुलझाडाचा नव्हे.

या रंगद्रव्यांची निवड रसायनशास्त्राच्या दृष्टीनेही चांगली आहे. तांबडे आयर्न ऑक्साइड हे आधीच पूर्ण गंजलेले लोखंड. उन्हाने आणि हवेने त्याचे आणखी काय बिघडणार? मग या ढलप्या वर्षभरात फिकट का पडतात? कारण बिघडते ते लाकूड. उन्हातली अतिनील किरणे लाकडातले लिग्निन तोडतात, पाऊस ते धुऊन नेतो, आणि पृष्ठभागाचा पातळ थर रंगासकट निसटतो. भिंतीचा गिलावा पडला की त्यावरचे चित्रही जाते, तसेच हे.

म्हणजे सदरलेखक हरले आणि माहितीपत्रके जिंकली? तसे मुळीच नाही. माहितीपत्रकात 'रंग बिनविषारी', 'नैसर्गिक लाकूड', 'टाकाऊचा पुनर्वापर' असे शब्द असतात. यातला पहिला दावा बहुतांशी खरा आहे. तो इतक्या ठळकपणे सांगितला जातो, की वाचणारा दुसरा प्रश्न विचारायलाच विसरतो. रंगाखाली काय आहे?

रंगाखाली काय आहे?

इथे एका भारतीय शास्त्रज्ञाची आठवण काढायला हवी. १९३३ साली डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत सोंटी कामेसन यांनी लाकूड टिकवणारे एक मिश्रण शोधले. त्यात तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांची संयुगे असतात. तांबे बुरशीला रोखते, आर्सेनिक वाळवी आणि इतर किडींना, आणि क्रोमियम या दोघांना लाकडात पक्के धरून ठेवते. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला सीसीए म्हणतात. शोध मोठा होता. लाकूड अनेक पटींनी अधिक टिकू लागले, पर्यायाने झाडे वाचली. अमेरिकेत घरामागचे लाकडी ओटे, कुंपणे, झोपाळे, घसरगुंड्या या लाकडाच्या बनल्या. पुढे आर्सेनिकची धास्ती वाढली, आणि २००३ च्या अखेरीस तिथल्या उत्पादकांनी घरगुती वापराच्या बहुतेक लाकडासाठी सीसीए वापरणे थांबवले.

पण वापर थांबला म्हणून लाकूड नाहीसे होत नाही. ते टिकण्यासाठीच तर बनवले होते! जुने ओटे मोडले जातात, पाडकामाच्या ढिगात जातात, आणि निवडताना नजर चुकली तर दळणयंत्रात पोचतात. फ्लोरिडातले टिमोथी टाउनसेंड, हेलेना सोलो-गॅब्रिएल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाडकामाच्या लाकडापासून केलेल्या भरडीत सीसीए लाकूड असल्याचे दाखवून दिले. ताज्या सीसीए लाकडावर हिरवट झाक असते, त्यावरून ते ओळखू येते. ते जुने झाले, भरडले गेले आणि वर तांबडा थर चढला, की ओळखायला डोळे निरुपयोगी ठरतात.

या गटाने २००६ साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास आम्हाला फार बोलका वाटतो. सीसीए लाकूड मिसळलेल्या ढलप्यांतून पाण्याबरोबर किती आर्सेनिक झिरपते, आणि आयर्न ऑक्साइडचा रंग दिल्याने त्यात काय फरक पडतो, हे त्यांनी तपासले. सुरुवातीला रंगवलेल्या ढलप्यांतून आर्सेनिक कमी झिरपले. हे अपेक्षितच होते, कारण लोहाची ऑक्साइडे आर्सेनिक आपल्या पृष्ठभागावर धरून ठेवतात. पश्चिम बंगालमध्ये विहिरींचे आर्सेनिकयुक्त पाणी शुद्ध करायला याच गुणाचा उपयोग करतात. पण उघड्यावर, खऱ्या पावसात, दीर्घ काळ ठेवल्यावर हा फायदा टिकला नाही.

याचा अर्थ नीट पाहा. रंग नुसत्या डोळ्यांपासून नव्हे, तर घाईच्या चाचणीपासूनही दोष काही काळ झाकू शकतो. नवा माल प्रयोगशाळेत तपासला तर आकडा बरा येईल; बागेत तो वर्षभर पडून राहील तेव्हा आकडा पाहायला कोणी नसेल.

इथे सगळ्या कारखानदारांना एका माळेत ओवणे अन्यायाचे होईल. पॅलेटचे लाकूड सहसा सीसीएचे नसते. अमेरिकेतल्या 'मल्च अँड सॉइल कौन्सिल' या उत्पादकांच्या संघटनेच्या प्रमाणपत्रात सीसीए लाकडाला मज्जाव आहे. म्हणजे जाणते कारखानदार खरा प्रश्न ओळखून आहेत. तो माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर मात्र येत नाही.

मुळातला विरोध

आमचा आणखी एक आक्षेप आहे, आणि तो विषाबद्दल नाही. आच्छादनाचे काम कुजण्याचे. कुजता कुजता ते मातीला सेंद्रिय द्रव्य देते. रंगाचे काम मात्र न बदलण्याचे. कुजायचे आणि तसेच दिसायचे, या दोन अपेक्षा एकाच ढलपीकडून कशा पुऱ्या होणार? परिणामी घरमालक दर वसंतात नवा थर घालतो, तो जुना संपला म्हणून नव्हे, फिका पडला म्हणून. शिवाय झाडछाटणीतून येणाऱ्या ढलप्यांत पाने, साल, कोवळ्या काटक्या असतात. सुक्या पॅलेटच्या लाकडात त्या नसतात. मातीच्या दृष्टीने पाहिले तर फुकट मिळणारी बेरंगी छाटणी बऱ्याचदा उजवी.

आमच्या मते रंगाचे खरे काम शोभेचे नाहीच. दहा ठिकाणचे, दहा वयांचे, दहा जातींचे लाकूड एकसारखे दिसायला लावणे, हे त्याचे काम. टाकाऊ मालाचा पुनर्वापर ही चांगलीच गोष्ट. पण जी खूण पाहून ग्राहकाने माल पारखायचा, तीच पुसून टाकणारा पुनर्वापर असेल तर माल कुठून आला हे सांगण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर दुप्पट येते.

वर्गात काय करता येईल?

सुताराकडून थोड्या ढलप्या आणा. अर्ध्या गेरूच्या पाण्यात आणि अर्ध्या खाण्याच्या लाल रंगात बुडवून सुकवा, मग दोन्ही वेगवेगळ्या भांड्यांत पाण्यात ठेवा. एकीकडे पाणी स्वच्छ लाल होईल, दुसरीकडे गढूळ होऊन तळाशी गाळ बसेल. रंजक आणि रंगद्रव्य यांतला फरक सांगायला याहून सोपा प्रयोग नाही. गावात मालाची पॅलेट दिसली तर तिच्यावरचा शिक्का मुलांना वाचायला लावा. 'एचटी' म्हणजे ते लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटे तापवलेले आहे. 'एमबी' म्हणजे त्याला मिथिल ब्रोमाइडची धुरी दिली आहे. लाकडाचा इतिहास सांगणाऱ्या या खुणा भरडताना नाहीशा होतात, हेही मुलांना दाखवा.

भाचीला आम्ही पुढे पत्र लिहिले: गेरूची काळजी करू नकोस, पण पिशवी विकणाऱ्याला विचार, की लाकूड कुठले. तिने दुकानात विचारले. दुकानदाराने पिशवी उलटीसुलटी केली आणि सांगितले, "रंग अगदी सुरक्षित आहे."