‘मिथ्या’ या विशेषणाचा अर्थानर्थ

वैद्यकीय परिभाषेची खरी परीक्षा कोशात नव्हे, रुग्णाच्या खाटेपाशी होते. हृदयाच्या तपासणीसाठी जांघेतील धमनीतून नळी घालतात. ती काढल्यावर छिद्र मिटले नाही, तर रक्त भोवतालच्या मांसात साठते आणि नाडीबरोबर उडणारी गाठ तयार होते. या ‘स्यूडोॲन्युरिझम’चे शब्दशः भाषांतर ‘मिथ्या विस्फार’ असे होते.

शारीरविदाच्या दृष्टीने विशेषण यथार्थ आहे. खऱ्या विस्फारात धमनीची भित्तीच फुगते. येथे ती फुगत नाही, भेदलेली असते. परंतु मराठीत ‘मिथ्या’ म्हणजे भासमान, नसलेले. पिंपरी-चिंचवड अथवा चाकण येथील कामगाराने ‘खोटी गाठ’ असे ऐकले, तर तो निर्धास्तपणे पाळीवर रुजू होईल. आणि ही गाठ फुटू शकते.

मूळ अवयवाच्या नावातही एकवाक्यता नाही. मराठी विश्वकोशाने ‘रोहिणी’ व ‘नीला’ या संज्ञा स्वीकारल्या. सुश्रुतसंहितेत मात्र या दोन्ही सिराच होत: रोहिणी रक्तवाहक, तर नीला पित्तवाहक. म्हणजे जुन्या शब्दांवर नवा भेद लादला गेला. वृत्तपत्रे ‘धमनी’ लिहितात. कामगार दोहोंनाही ‘शीर’ किंवा ‘नस’ म्हणतो.

उपचाराच्या नावाची तीच गत. ‘किमान आक्रमक उपचार’ या भाषांतरात आक्रमण शत्रूचे वाटते, वैद्याचे नव्हे. ‘दुर्बिणीची शस्त्रक्रिया’ हा रुळलेला शब्दही येथे लागू पडत नाही, कारण दुर्बीण नसतेच. सोनोग्राफीत पाहून गाठीची मान दाबून धरण्याची पद्धत 1991 साली प्रसिद्ध झाली. गाठीत सुईने थ्रॉम्बिन सोडून रक्त गोठविण्याची 1986 साली. प्रसंगी आतून आच्छादित स्टेंट बसवितात. पूर्वी सरसकट चिरा देऊन टाके घालावे लागत. आजही काही रुग्णांत ते अपरिहार्य ठरते.

तेव्हा ‘धमनीगळतीची गाठ’ व ‘सुईवाटे उपचार’ हे शब्द सुचवावेसे वाटतात. पहिल्यात कारण आहे, दुसऱ्यात साधन. स्टेंटचा उपचार दुसऱ्यात पुरता सामावत नाही, हे मान्य. त्याचे नाव स्वतंत्रपणे सांगावे. शास्त्रीय काटेकोरपणा ढळतो असा आक्षेप येईल. त्यास उत्तर इतकेच, की ‘मिथ्या विस्फार’ शास्त्रग्रंथात राहण्यास हरकत नाही. संमतिपत्र मात्र सही करणाऱ्यासाठी असते, आणि त्याला न कळलेल्या शब्दावर घेतलेली संमती ही संमती नव्हे.